एसपीएमचा इतिहासाचा पेपर: मलेशियातल्या मराठी घरांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या मुलीने क्वालालंपूरजवळच्या एका सरकारी माध्यमिक शाळेतून एसपीएम दिली. तेव्हापासून ओळखीच्या मराठी घरांतून फोन येत असतात. गणित-विज्ञानाबद्दल जवळजवळ कोणी विचारत नाही, विचारतात ते ‘सजाराह’बद्दल, म्हणजे इतिहासाबद्दल. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. मी इतिहासाची शिक्षिका नाही. मुलीबरोबर पाच वर्षं ती पुस्तकं वाचली आणि वाचता वाचता त्यांत जीव गुंतला.

एसपीएम म्हणजे आपली दहावी का?

दर्जाने दहावीच्या थोडी पुढे, पण घरातलं वातावरण तेच. सिजिल पेलाजारान मलेशिया हे तिचं पूर्ण नाव. प्राथमिकची सहा वर्षं, मग माध्यमिकच्या पाच इयत्ता. या इयत्तांना इथे ‘तिंगकातान’ किंवा फॉर्म म्हणतात. पाचव्या फॉर्मच्या शेवटी, मूल साधारण सतरा वर्षांचं असताना, ही परीक्षा होते. ती घेणाऱ्या मंडळाचं नाव लेम्बागा पेपेरिक्साआन. हा शब्द जरा सावकाश म्हणून पाहा. त्याच्या पोटात आपली ‘परीक्षा’ बसलेली आहे.

सगळ्यांना सक्तीचे विषय सहा: मलय भाषा, इंग्रजी, गणित, विज्ञान (भौतिक, रसायन असे वेगळे विज्ञान विषय घेणाऱ्यांना हा नसतो), इतिहास, आणि मुस्लिम मुलांना इस्लामी शिक्षण तर इतरांना नीतिशिक्षण. बाकीचे विषय निवडीचे.

इतिहासात नापास झालं तर प्रमाणपत्रच मिळत नाही, हे खरं आहे?

खरं आहे. इतिहास पूर्वीही सक्तीचाच होता, पण त्यात गटांगळी खाल्ली तरी बाकीच्या विषयांवर प्रमाणपत्र मिळायचं. २०१० साली तेव्हाचे शिक्षणमंत्री आणि उपपंतप्रधान मुहिद्दीन यासिन यांनी घोषणा केली आणि २०१३ च्या परीक्षेपासून नियम बदलला. आता मलय भाषा आणि इतिहास या दोन्ही विषयांत उत्तीर्ण झाल्याशिवाय एसपीएमचं प्रमाणपत्र हातात पडत नाही. बाकी सगळीकडे ए प्लस असली तरीही.

धीर देणारी गोष्ट अशी की उत्तीर्ण व्हायला ‘ई’ श्रेणी पुरते. श्रेण्या ए प्लसपासून ई पर्यंत उतरत येतात आणि त्याखाली ‘जी’ म्हणजे नापास. इतिहास आणि मलय भाषा पुन्हा देण्याचीही सोय आहे. पण ‘ई’वर समाधान मानायचं असं घरात ठरवू नका. एकदा पालकांनीच ‘पास झालास तरी पुरे’ म्हटलं की मूल ते पुस्तक उघडायचंच सोडून देतं. पुढच्या प्रवेशासाठी निदान ‘सी’ म्हणजे क्रेडिट असलेलं बरं.

आमचा मुलगा इंटरनॅशनल शाळेत आहे. त्याला हे लागतं का?

नोकरीनिमित्त आलेल्या बहुतेक मराठी घरांतली मुलं केम्ब्रिजच्या आयजीसीएसई परीक्षेला बसतात. त्यांचा इतिहासाचा अभ्यासक्रम पूर्ण वेगळा असतो. चिनी स्वतंत्र शाळांचीही यूईसी नावाची स्वतःची परीक्षा आहे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून शाळेला थेट विचारा. पण ज्या देशात मुलगा रोज सकाळी उठतो त्याचा इतिहास त्याला ठाऊक असावा, एवढं मी प्रत्येक आईवडिलांना सांगते. पाठ्यपुस्तक स्वस्त आहे, घरी आणून ठेवा.

परीक्षेला नेमकं काय येतं?

पहिल्या तीन फॉर्ममध्ये गोष्ट प्रागैतिहासिक काळापासून सुरू होते. मलय जगातली जुनी राज्यं, मलाकाची सल्तनत, जोहोर, मग पोर्तुगीज, डच आणि इंग्रज. एसपीएमचा पेपर मात्र मुख्यतः चौथ्या आणि पाचव्या फॉर्मच्या पुस्तकांवर असतो. दोन्हींत दहा-दहा प्रकरणं.

चौथ्या फॉर्मचं पुस्तक मला एखाद्या कादंबरीसारखं वाटलं. राष्ट्रवादाची जाग, जपानी आक्रमण, मलायन युनियन (युद्धानंतर ब्रिटिशांनी द्वीपकल्पातली राज्यं एकत्र करून आणलेली राजवट), तिच्या जागी आलेलं १९४८ चं फेडरेशन, कम्युनिस्टांचा उठाव आणि आणीबाणी, निवडणुका, १९५७ ची राज्यघटना आणि स्वातंत्र्य. पाचव्या फॉर्ममध्ये सार्वभौमत्व, घटनात्मक राजेशाही, संघराज्य, मलेशियाची स्थापना, आर्थिक धोरणं, परराष्ट्र धोरण. मुलं इथे कंटाळतात, कारण माणसं कमी होतात आणि कलमं वाढतात.

पेपर दोन असतात. पहिला चाळीस वस्तुनिष्ठ प्रश्नांचा, एका तासाचा. दुसरा लेखी, अडीच तासांचा, शंभर गुणांचा. त्यात आधी तुकड्यातुकड्यांचे प्रश्न आणि मग निबंध.

आणि तो पुस्तक घेऊन बसायचा तिसरा पेपर?

तो बंद झाला. २०१३ पासून काही वर्षं विषय आधी जाहीर व्हायचा आणि मुलं टिपणांची बाडं घेऊन परीक्षेला जायची. नव्या अभ्यासक्रमाची पहिली एसपीएम २०२१ ची, त्यात तो नाही. तिसऱ्या फॉर्मची पीटी३ परीक्षाही २०२२ मध्ये रद्द झाली. म्हणून मोठ्या भावंडांच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना साल बघून घ्या.

‘मलय इतिहास’ आणि ‘मलेशियाचा इतिहास’ एकच का?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण पुस्तक समजायची किल्ली यातच आहे.

‘आलाम मलायू’ म्हणजे मलय जग. यात आजच्या मलेशियाचा द्वीपकल्प येतो, सुमात्रा येतो, रिआउची बेटं येतात, बोर्निओचा किनारा येतो. पालेमबांगचं श्रीविजय आज इंडोनेशियात आहे, तेमासेक म्हणजे आजचं सिंगापूर. मलय राजांना या सीमा नव्हत्याच. त्या आल्या १८२४ साली, इंग्रज आणि डचांनी लंडनमध्ये करार करून समुद्राची वाटणी केली तेव्हा. जोहोर-रिआउचं एकच राज्य त्या रेघेने दोन सत्तांमध्ये चिरलं गेलं. आपल्याकडे रॅडक्लिफची रेषा ठाऊक असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मलेशिया हा देश त्या मानाने कालचा. द्वीपकल्पाला ३१ ऑगस्ट १९५७ रोजी स्वातंत्र्य मिळालं, आणि तो, बोर्निओवरचे साबा व सारावाक आणि सिंगापूर मिळून मलेशिया झाला तो १६ सप्टेंबर १९६३ रोजी. इथे दोन्ही दिवस सुट्टी असते, आणि दोन दिवस का, हे मुलाला सांगता आलं की पाचव्या फॉर्मचं अर्धं काम झालं.

‘मलय’ कोण, हेही राज्यघटनेच्या १६० व्या कलमात लिहिलेलं आहे: इस्लाम मानणारा, मलय भाषा नित्य बोलणारा, मलय रीतिरिवाज पाळणारा. म्हणजे व्याख्या रक्ताची कमी आणि धर्म-भाषा-चालीरीतींची जास्त. ‘बुमिपुत्रा’ हा शब्द त्याहून व्यापक, त्यात साबा-सारावाकचे मूळ रहिवासीही येतात. आपला ‘भूमिपुत्र’ हाच शब्द. महाराष्ट्रात तो किती तापलेला आहे ते आपण जाणतो; इथेही तो नुसता शब्द नाही. १५३ व्या कलमातलं मलय आणि इतर भूमिपुत्रांचं खास स्थान, १९७१ चं नवं आर्थिक धोरण, त्या खास स्थानाच्या बदल्यात स्थलांतरितांना नागरिकत्व ही देवाणघेवाण, हे सगळं परीक्षेला येतं. घरात त्यावर बोलताना आवाज चढतो, पण मुलाला आधी घटनेत काय लिहिलंय ते शांतपणे वाचू द्या, मग तुमचं मत सांगा.

सगळं मलाकापासूनच का सुरू होतं?

कारण आजच्या मलय राजघराण्यांची, दरबाराची, कायद्याची, भाषेच्या प्रतिष्ठेची मुळं तिथे मानली जातात. आणि आपल्यासाठी सांगायचं तर, ही गोष्ट जितकी त्यांची तितकीच आपल्या किनाऱ्याचीही आहे.

पालेमबांगचा राजपुत्र परमेश्वर, म्हणजे आपलाच परमेश्वर, परागंदा होऊन तेमासेकला आला, तिथून हुसकला गेला आणि मुआरमार्गे एका नदीच्या मुखाशी पोचला. झाडाखाली विसावला असताना त्याच्या कुत्र्यांना एका चिमुकल्या पिसोरी हरणाने लाथ मारून पाण्यात पाडलं. जिथलं हरीणही एवढं शूर, ती जागा शुभ, असं म्हणून त्याने तिथेच राजधानी वसवली आणि झाडाचं नाव विचारलं. झाड होतं ‘मलाका’. शाळेच्या पुस्तकात त्या झाडाचं चित्र पाहून मी मुलीला म्हटलं, अगं, हा तर आवळा! खरंच आवळाच आहे तो, आणि मलाका हे नाव संस्कृत ‘आमलक’वरून आलं असं अनेक अभ्यासक मानतात. तेव्हापासून आमच्याकडे मोरावळ्याची बरणी उघडली की परमेश्वराची आठवण निघते.

हे साधारण १४०० च्या सुमारास घडलं असं बहुतेक इतिहासकार धरतात. आजच्या मलाका राज्याच्या सरकारने मात्र स्थापनेचं साल १२६२ मानलं आहे. परीक्षेत पाठ्यपुस्तकात जे असेल ते लिहायचं, पण दोन साल का आहेत हे मुलाने जरूर विचारावं.

पुढे मलाका एवढं मोठं बंदर झालं की परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमावे लागले, आणि त्यांतला एक नुसत्या गुजराती व्यापाऱ्यांसाठी होता. दुसरा कोरोमंडळ, बंगाल आणि ब्रह्मदेशातल्या पेगूकडच्यांसाठी, तिसरा जावा आणि मसाल्याच्या बेटांसाठी, चौथा चिनी आणि त्या बाजूच्या लोकांसाठी. ‘शाहबंदर’ फारसी, ‘बंदर’ आपल्या रोजच्या बोलण्यातलं. दरबारातला सर्वांत मोठा मंत्री ‘बेंदाहारा’. त्या शब्दात आपलं भांडार आहे. आरमाराचा प्रमुख ‘लक्षमाना’, तो तर थेट रामायणातून उचललेला.

मग गोवा येतं. आफोन्सो द आल्बुकर्कने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा कायमचं जिंकलं आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १५११ मध्ये, मलाका घेतलं. सुलतान महमूद शाहला राजधानी सोडावी लागली. त्यानंतर १६४१ मध्ये डच येईपर्यंत, एकशे तीस वर्षं, मलाकाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. गोव्यातल्या आणि कोकणातल्या वाचकांनी मुलांना हे मुद्दाम सांगावं. पाठ्यपुस्तकात ‘पोर्तुगीज’ एवढंच असतं, पण ती जहाजं मांडवीच्या पाण्यातून सुटत होती.

ते हरीण, ते हांग तुआ, हे खरं की दंतकथा?

आपल्याकडे बखर वाचताना जो विवेक ठेवतो तोच इथे ठेवायचा. मलय राजांची वंशकथा ‘सुलालातुस सलातीन’, म्हणजेच सजाराह मलायू, या ग्रंथात आहे. १६१२ च्या सुमाराचं तिचं संस्करण जोहोरचा बेंदाहारा तुन श्री लानांग याच्या नावावर आहे, आणि २००१ मध्ये युनेस्कोने तिची जागतिक स्मृतिवारशात नोंद केली. तीत राजांचा वंश सिकंदरापर्यंत नेलेला आहे. लेखकाला सनावळी सांगायची नव्हती. राजा आणि रयत यांच्यातला करार कसा असावा ते सांगायचं होतं. रयतेने द्रोह करायचा नाही, राजाने रयतेचा अपमान करायचा नाही. हे कळलं की हरणाच्या गोष्टीवर हसू येत नाही.

हांग तुआ हा मलाकाचा शूर लक्षमाना. त्याचा मित्र हांग जेबात राजाविरुद्ध उठला आणि हांग तुआने राजनिष्ठेपायी मित्राला मारलं. कोण बरोबर, यावर मलय घरांत आजही वाद होतात. नामवंत इतिहासकार खू काय किम यांनी हांग तुआ प्रत्यक्ष होऊन गेला याला पुरावा नाही असं म्हटलं तेव्हा केवढी खळबळ माजली होती. आमच्या मुलीच्या वर्गात यावर चर्चा झाली आणि ती घरी येऊन म्हणाली, ‘आई, मी जेबातच्या बाजूने.’ मला तेव्हा वाटलं, हिला इतिहास लागला.

पुस्तकात भारतीय किती आहेत?

मनापासून सांगते, हवे तितके नाहीत.

जुन्या काळाचं थोडं येतं. केदामधलं बुजांग खोरं, तिथली देवळांची जोती, सुंगाई बातूच्या लोखंड गाळायच्या भट्ट्या, १०२५ मधली राजेंद्र चोळाची स्वारी. त्याच खोऱ्यात २०१३ मध्ये एका जुन्या देवळाचं जोतं बांधकामासाठी जमीनदोस्त झालं, तेव्हा देशभर लोक हळहळले, त्यात मलय अभ्यासकही होते. ही हळहळ मला आशेची वाटते.

खरी उणीव पुढच्या काळाची. रबराचे मळे, रेल्वे, रस्ते तमिळ मजुरांच्या घामावर उभे राहिले. कंगाणी पद्धतीने, म्हणजे मुकादमाने आपल्या गावाकडून मजूर आणायच्या रीतीने, गावंच्या गावं इकडे आली. १९४१ मध्ये क्लांगच्या मळ्यांत कामगार पुढारी आर. एच. नाथन यांच्या पुढाकाराने संप झाले, ते गोळ्या घालून मोडले गेले. जपान्यांनी सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या बांधकामावर नेलेले हजारो तमिळ मजूर परत आलेच नाहीत. यातल्या बऱ्याचशा गोष्टी पुस्तकात ओझरत्या येतात किंवा येतच नाहीत. चिनी समाजाचीही हीच तक्रार आहे; क्वालालंपूरच्या घडणीत तिथले जुने चिनी पुढारी याप आ लॉय यांचा वाटा किती, यावर वाद झालेले आहेत. २०११ मध्ये पालक आणि अभ्यासकांनी खऱ्या मलेशियन इतिहासासाठी मोहीम उघडली होती आणि पाठ्यपुस्तकांचे एकेकाळचे लेखक रणजित सिंग माल्ही यांनीही पुस्तकांच्या एकांगीपणावर जाहीरपणे टीका केली आहे.

मराठी माणसाला थेट भिडणारा एक धागा सांगते. १९४३ मध्ये नेताजींनी सिंगापुरात आझाद हिंद सेनेची स्त्रियांची तुकडी उभी केली, कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या नेतृत्वाखाली. तिचं नाव झाशीची राणी पलटण. तिच्यात मलायातल्या मळ्यांवर वाढलेल्या तमिळ मुली होत्या. झाशी पाहिली नव्हती, मराठी ऐकली नव्हती, आणि तांब्यांच्या मनूचं नाव घेऊन त्यांनी बंदूक उचलली. त्यांतल्या जानकी आति नाहप्पन पुढे मलेशियाच्या सिनेटवर गेल्या. हे मी मुलीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा आवाज कापत होता.

आणखी एक शब्द: २० ऑक्टोबर १९४७ रोजी फेडरेशनच्या मसुद्याविरुद्ध सगळ्या मलायात दुकानं, मळे, खाणी बंद ठेवल्या गेल्या. मलय, चिनी, भारतीय एकत्र. त्या बंदला तेव्हाही आणि पुस्तकातही ‘हर्ताल’ म्हणतात. आपला हरताळ.

तर परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं, त्यात चूक करायची नाही. पुस्तकाबाहेरचं घरी सांगायचं. दोन्ही करता येतं.

पेपर मलयमध्येच लिहावा लागतो? मुलाची मलय कच्ची आहे.

हो, मलयमध्येच. गणित-विज्ञानाला काही शाळांत इंग्रजीची वाट आहे, इतिहासाला नाही. मूल पहिलीपासून इथल्या शाळेत असेल तर अडचण येत नाही. मध्येच आलं असेल तर इतिहासात नापास होण्याचं खरं कारण इतिहास नसतो, भाषा असते. तेव्हा सराव भाषेचा करून घ्या.

आणि घाबरवू नका, कारण अर्धे शब्द आपलेच आहेत. आम्ही फ्रिजवर यादी लावली होती. बहासा म्हणजे भाषा, बांगसा म्हणजे वंश, नेगारा म्हणजे देश, मूळ नगर. पर्दाना मंत्री म्हणजे प्रधानमंत्री. पर्तामा म्हणजे पहिला, प्रथम. पर्कारा म्हणजे घटनेचं कलम, आपल्या ‘प्रकार’चा भाऊ. देवान म्हणजे सभागृह, आपलं दिवाण. वाकिल म्हणजे प्रतिनिधी. मर्देका म्हणजे स्वातंत्र्य, आणि तो शब्द ‘महर्द्धिक’वरून आला आहे. निबंधात सतत लागणारे दोन शब्द तर फुकटात मिळतात: ‘करना’ म्हणजे कारण आणि ‘सबाब’ म्हणजेही कारण, आपली सबब. खुद्द ‘सजाराह’ अरबी ‘शजरा’वरून, म्हणजे झाड, वंशाचा वृक्ष.

हे शब्द आले कसे, याचा पुरावा तेरेंगानूला सापडलेल्या शिलालेखात आहे. १३०३ सालचा, अरबी वळणाच्या जावी लिपीत कोरलेला, इस्लामी कायदा सांगणारा दगड. आणि त्यात अल्लाहसाठी शब्द वापरलाय ‘देवता मुलिया राया’. एका दगडात दोन जगं.

उत्तर कसं लिहायचं? मुलीला सगळं येतं, पण गुण पडत नाहीत.

इथली ही सर्वांत नेहमीची तक्रार. कारण बहुतेक वेळा एकच: मूल गोष्ट सांगतं, परीक्षकाला मुद्दे हवे असतात.

शिकवणीवाले तीन पायऱ्या शिकवतात: फाक्ता, हुरायान, चोन्तोह. म्हणजे मुद्दा, त्याचं स्पष्टीकरण, उदाहरण. समजा प्रश्न आहे, मलायन युनियनला मलय लोकांनी विरोध का केला? ‘त्यांचे हक्क गेले म्हणून ते चिडले’ असं लिहिलं तर हाती फार लागत नाही. मुद्दा लिहा: सुलतानांची सत्ता गेली. स्पष्टीकरण: त्यांच्याकडे फक्त धर्म आणि रूढी उरल्या, कारभार ब्रिटिश गव्हर्नरकडे गेला. उदाहरण: १९४५ च्या अखेरीस हॅरल्ड मॅकमायकलने प्रत्येक सुलतानाकडे जाऊन, विचाराला वेळ न देता सह्या घेतल्या. मग दुसरा मुद्दा: स्थलांतरितांना सैल अटींवर नागरिकत्व. असं पुढे. १ एप्रिल १९४६ रोजी युनियन सुरू झालं तेव्हा मलय पुरुषांनी सोंगकोक टोपीवर सुतकाची पांढरी पट्टी बांधली होती. हा तपशील मुलाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला की बाकीचं आपोआप आठवतं.

प्रश्नातलं क्रियापद आधी अधोरेखित करायला लावा. ‘न्याताकान’ म्हणजे नुसतं सांगा, एक ओळ पुरे. ‘जेलासकान’ म्हणजे समजावून लिहा. ‘बान्दिंगकान’ म्हणजे तुलना. ‘पादा पेंदापात आंदा’, तुमच्या मते, असं आलं की मुलं रिकामी जागा सोडतात, कारण पुस्तकात उत्तर नसतं. तिथे घाबरायचं नाही. कारणासहित मत लिहिलं की गुण मिळतात. शेवटी बऱ्याचदा ‘इक्तिबार’ म्हणजे धडा विचारतात. तिथे ‘एकजूट महत्त्वाची’ एवढं लिहू नका, कोणत्या घटनेतून ते दिसलं तेही लिहा.

सनावळ्या किती पाठ करायच्या?

थोड्याच, पण पक्क्या. १८७४ चा पांगकोर करार, ज्याने पेराकमध्ये ब्रिटिश रेसिडेंट आला, आणि १८७५ मध्ये पासिर सालाक येथे त्याच रेसिडेंट बर्चची झालेली हत्या. ८ डिसेंबर १९४१, कोटा भारूला जपानी उतरले. १९४६, १९४८, १९५५ ची निवडणूक, त्यात ५२ पैकी ५१ जागा मलय, चिनी आणि भारतीय पक्षांच्या आघाडीला. १९५७, १९६३, आणि १९६५ मध्ये सिंगापूर वेगळं. १३ मे १९६९ ची मलय-चिनी दंगल, आणि तिच्यानंतर ३१ ऑगस्ट १९७० ची रुकुन नेगारा, म्हणजे राष्ट्राच्या तत्त्वांची प्रतिज्ञा, जी मुलं शाळेत म्हणतात. मुलं ती तत्त्वं तोंडपाठ म्हणतात, पण ती कोणत्या जखमेवरची पट्टी आहे हे त्यांना ठाऊक नसतं. ते सांगा.

साबा-सारावाकचं काय? ते पाठ सगळे गाळतात.

गाळू नका. प्रश्न येतात, आणि माणसं फार मोठी आहेत. गोऱ्यांच्या सत्तेविरुद्ध लढलेले साबाचा मात सालेह, सारावाकचा रेन्ताप. आणि रोसली धोबी. डिसेंबर १९४९ मध्ये सिबूला त्याने ब्रिटिश गव्हर्नर डंकन स्ट्यूअर्टवर सुरा चालवला, कारण सारावाक ब्रिटिश वसाहत होणं त्याला मान्य नव्हतं. १९५० मध्ये फाशी झाली. हल्ल्याच्या वेळी वय सतरा. एसपीएमला बसणाऱ्या मुलाचंच.

सिंगापूरच्या मुलांनाही हेच?

नाही. त्यांच्या परीक्षा वेगळ्या, आणि १८१९ (इंग्रज सिंगापुरात उतरले) व १९६५ (सिंगापूर वेगळं झालं) या दोन सालांकडे पाहण्याची नजरही वेगळी.

शिकवणी लावावी का?

मलय कच्ची असेल तर लावा. नुसते ‘येणारे प्रश्न’ सांगणाऱ्या वर्गात पैसे घालू नका. त्याऐवजी शाळेतल्या शिक्षकांना भेटा. आमच्या मुलीच्या चिकगूंनी, म्हणजे बाईंनी, शनिवारी थांबून तिचे निबंध तपासून दिले. मागितलं की देणारी माणसं इथल्या शाळांत भरपूर आहेत.

मुलांना कुठे घेऊन जावं?

केदात मेरबोकचं बुजांग खोऱ्याचं संग्रहालय, पेराकमध्ये पासिर सालाक, क्वालालंपूरचं राष्ट्रीय संग्रहालय. पण एकच जागा निवडायची तर मलाकाची सेंट पॉलची टेकडी. खाली पोर्तुगीज किल्ल्याचा उरलेला एकमेव दरवाजा, वर छप्पर नसलेलं चर्च. आत जमिनीत एक रिकामी कबर आहे, वर जाळी. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, त्यांचा देह काही महिने इथे होता आणि मग जहाजाने गोव्याला गेला. आज तो जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये आहे. आम्ही सुट्टीत गोव्याला गेलो तेव्हा चांदीच्या पेटीसमोर मुलगी बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘यांची पहिली जागा मी पाहिलीय.’